पेनड्राइव्हवरचे व्हिडिओ चालवणारा स्वस्त डीव्हीडी प्लेयर घेताय? आधी हे वाचा (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी खास)

बाबांचा जुना डीव्हीडी प्लेयर मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर गेला. ट्रे बाहेर यायचा, आत जायचा, टीव्हीवर 'लोडिंग' आणि मग 'नो डिस्क'. नौपाड्यात आईबाबा दोघंच असतात, मी ऐरोलीला. रात्रीची जेवणं झाली की नाटकाची व्हीसीडी लावायची, मध्ये उठून दुसरी डिस्क घालायची, त्या मधल्या वेळात आई दूध तापवणार, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं. प्लेयर गेल्यावर बाबा काही बोलले नाहीत, पण डिस्कचा डबा तीन दिवस टीपॉयवर तसाच होता, तो काही त्यांनी आत ठेवला नाही.

तर मी नवीन आणायचं ठरवलं, बजेट 2500 रुपये. नुसत्या डिस्क नाहीत तर पेनड्राइव्हही चालायला हवा होता, कारण आता घरातलं सगळं मोबाईलवर शूट होतं, भाच्याची मुंज, बारसं, गणपती, आणि आईबाबांना ते मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर बघायला जमत नाही. स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतला, खोक्यावर मोठ्या अक्षरात एमपी4, यूएसबी, एचडी सगळं छापलेलं. घरी लावला, मुंजीचा व्हिडिओ सुरू केला तर मंगलाष्टकं ऐकू येतायत आणि स्क्रीन काळी. बाबा म्हणाले, "आवाज येतोय गं, माणसं कुठायत?" दुकानात परत गेले तर खोकं उघडलं की परत घेत नाही म्हणे. पैसे गेले ते गेलेच, पण त्यापेक्षा बाबांना पुन्हा थांबावं लागलं ते जास्त लागलं मला.

त्यानंतर तीन आठवडे नीट अभ्यास केला, दुकानं फिरले, दुसरा घेतला, तो आजही रोज चालतोय. जे कळलं ते सगळं इथे लिहितेय. एकच गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, बाकीचं त्यातून आपोआप येतं: खोक्यावर काय छापलंय ते सोडा, आपली फाइल आणि आपली डिस्क दुकानातच चालवून बघा आणि मगच पैसे द्या.

पहिली पायरी: घरातला टीव्ही तपासा, कदाचित खर्च निम्मा होईल

टीव्हीच्या मागे किंवा बाजूला यूएसबीचं भोक आहे का बघा. गेल्या दहाएक वर्षांतला एलईडी टीव्ही असेल तर बहुतेक असतंच. त्यात पेनड्राइव्ह लावून मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ चालवा. तो चित्र आणि आवाज दोन्हीसकट चालला तर तुमचं अर्धं काम झालं, कारण मग पेनड्राइव्ह टीव्हीलाच लावायचा आणि प्लेयर फक्त डिस्कपुरता घ्यायचा, साध्यातला साधा. काही टीव्हींचं यूएसबी फक्त फोटो दाखवतं किंवा फक्त सर्व्हिसिंगसाठी असतं, म्हणून नुसतं भोक बघून खूष होऊ नका, चालवून बघा.

आमच्या आईबाबांचा टीव्ही जुना आहे, यूएसबी नाही, आणि बाबांना दोन रिमोटचा घोळ नको होता, त्यामुळे आम्हाला प्लेयरमध्येच सगळं लागणार होतं. तुमचंही तसं असेल तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: घरात काय काय आहे ते काढून बसा

हे लोक करत नाहीत आणि मग फसतात. एक दिवस सगळ्या डिस्क जमिनीवर पसरा. आमच्याकडे तीन प्रकार निघाले. नाटकांच्या व्हीसीडी, विकतच्या सिनेमाच्या डीव्हीडी (2007 च्या सुमारास मोझर बेअरने 34 रुपयांना डीव्हीडी विकायला काढल्या तेव्हा बाबांनी भरपूर घेतल्या होत्या), आणि माझ्या लग्नाची फोटोग्राफरने रेकॉर्ड करून दिलेली डीव्हीडी. ह्या तिघी वेगवेगळ्या आहेत हं. व्हीसीडी म्हणजे मुळात सीडीच, तिच्यात एमपेग-1 नावाचा जुना व्हिडिओ असतो आणि एका डिस्कवर जास्तीत जास्त 80 मिनिटं मावतात, म्हणून तर नाटकाला दोन-तीन डिस्क लागतात. विकतची डीव्हीडी कारखान्यात छापलेली असते. घरी रेकॉर्ड केलेली डीव्हीडी मात्र रंगावर लेझरने लिहिलेली असते, ती वाचायला लेन्सला जास्त त्रास होतो, आणि लेन्स कमजोर असेल तर सगळ्यात आधी हीच डिस्क अडखळते. म्हणून टेस्टला हीच डिस्क न्यायची.

फोटोग्राफरने दिलेली डिस्क कुठल्याच प्लेयरमध्ये लागत नसेल तर ती फायनलाइझ न केलेली असू शकते, म्हणजे रेकॉर्डिंग झाल्यावर शेवटचं बंद करायचं राहून गेलंय. असं असेल तर नवीन प्लेयर घेऊन काही उपयोग नाही, ज्या रेकॉर्डरवर केली त्यावर किंवा कॉम्प्युटरवरूनच ते सोडवावं लागतं.

परदेशातून कोणी डिस्क आणलेली असेल तर तेही बाजूला काढा. विकतची डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालावी त्याचा आकडा म्हणजे रिजन कोड. भारताचा रिजन कोड 5 आहे, अमेरिकेचा 1, बहुतेक युरोप, जपान आणि आखाताचा 2. मल्टी रिजन किंवा रिजन फ्री प्लेयर नसेल तर बाहेरची विकतची डिस्क चालणार नाही.

मग फाइली. ज्या फाइली टीव्हीवर बघायच्यात त्यातल्या चार-पाच कॉम्प्युटरवर व्हीएलसी ह्या फुकट व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि टूल्स मेनूत जाऊन कोडेक इन्फर्मेशन बघा (कोडेक म्हणजे काय ते पुढच्या पायरीत सांगते). तिथे जे नाव दिसतं ते कागदावर लिहून घ्या. हाच कागद खरा महत्त्वाचा आहे.

तिसरी पायरी: फाइलचं शेपूट आणि आतला माल वेगळा असतो, हे समजून घ्या

माझी पहिली चूक इथेच झाली त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते.

फाइलच्या नावाशेवटी एव्हीआय, एमपी4, एमकेव्ही असं जे लिहिलेलं असतं तो फक्त डबा. डब्यात भेंडी आहे की उसळ हे बाहेरून कळत नाही. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय त्याला कोडेक म्हणतात, आणि प्लेयरला ते कोडेक उलगडता आलं तरच चित्र दिसतं. आवाजाचं कोडेक वेगळं असतं. म्हणून तर आमच्याकडे मंगलाष्टकं ऐकू आली आणि माणसं दिसली नाहीत, आवाज प्लेयरला उलगडला, चित्र नाही.

आता कोडेकांची ढोबळ वंशावळ. डीव्हीडी डिस्कवर एमपेग-2 असतं, ते प्रत्येक डीव्हीडी प्लेयर चालवतो, त्याची चिंता नको. त्यानंतर आलं एमपेग-4, आणि इथे सगळा गोंधळ आहे कारण एमपेग-4 ह्या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक जुना भाग, ज्यात डिव्हएक्स आणि एक्सव्हिड येतात, साधारण 2000 नंतर लोक 700 एमबीच्या सीडीवर अख्खा सिनेमा बसवायचे ते ह्याच्याच जोरावर. डेन्मार्कच्या किस नावाच्या कंपनीने 2003 च्या सुमारास हे चालवणारा डीव्हीडी प्लेयर काढला आणि मग बाकीच्यांनी काढले. दुसरा भाग म्हणजे एच 264, तोही एमपेग-4 घराण्यातलाच, 2003 चा, पण उलगडायला खूप जड. आज मोबाईल, व्हॉट्सॲप, कॅमेरे, सगळीकडे मुख्यत्वे हाच आहे. आणि त्याच्याही पुढचा एच 265, ज्याला एचईव्हीसी म्हणतात, 2013 चा, नवीन मोबाईलमध्ये जागा वाचवण्यासाठी तो वापरतात.

स्वस्त डीव्हीडी प्लेयरमध्ये वर्षानुवर्षं मीडियाटेकच्या 1389 मालिकेतल्या किंवा तसल्याच चिपा बसत आल्यात, आणि ह्या चिपा डिव्हएक्स-एक्सव्हिडपर्यंतच जातात. एच 264 त्यांच्या ताकदीबाहेर आहे. त्यामुळे खोक्यावर 'एमपी4' छापलेलं खोटं नसतं, त्यांना म्हणायचं असतं जुनं एमपेग-4, आणि आपण समजतो मोबाईलचा एमपी4. बस्स, एवढ्यातच आपले पैसे बुडतात.

दुसरी मर्यादा चित्राच्या आकाराची. साधा डीव्हीडी प्लेयर फाइल एक्सव्हिडची असली तरी साधारण 720 बाय 576 पिक्सेलपर्यंतच घेतो, कारण आपल्याकडच्या पाल (ही आपली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीचा आकारच तेवढा. मोबाईलचा व्हिडिओ बहुतेकदा 1920 बाय 1080 असतो. म्हणजे कोडेक बसलं तरी आकार बसेलच असं नाही.

आणि आवाज. एमपी3 सगळे घेतात, डीव्हीडीवरचा एसी3 पण घेतात. एएसी, म्हणजे मोबाईलचा आवाज, काही घेतात काही नाही. डीटीएस (काही सिनेमांच्या फाइलींमधला आवाजाचा प्रकार) असेल तर स्वस्तात बहुतेक वेळा चित्र चालतं आणि आवाज गायब.

चौथी पायरी: खोक्यावरचे शब्द कसे वाचायचे

डिव्हएक्स सर्टिफाइड किंवा एक्सव्हिड लिहिलंय: चांगली खूण, एवढं तरी चालणार. नुसतं एमपी4 लिहिलंय: वर सांगितलं, भरवसा नाही. एच 264 किंवा एमकेव्ही स्पष्ट लिहिलंय: हाच शोधायचा, पण चालवून बघूनच घ्यायचा. एमपी5 म्हणून काहीही अस्तित्वात नाही, तो शब्द दिसला की पुढच्या सगळ्या दाव्यांकडे संशयाने बघा.

एचडी, फुल एचडी, 1080 पी असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच की एचडीएमआयमधून डीव्हीडीचं चित्र ताणून मोठं करून पाठवतो. त्याला अपस्केलिंग म्हणतात. एचडी फाइल चालते असा त्याचा अर्थ अजिबात नाही. 5.1 लिहिलं असेल आणि घरात सहा स्पीकर नसतील तर त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका, आईबाबांना टीव्हीचाच आवाज ऐकायचाय.

पाचवी पायरी: टेस्टचा पेनड्राइव्ह तयार करा

16 किंवा 32 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्याहून मोठा नको. तो फॅट 32 मध्ये (पेनड्राइव्हवर फाइली मांडायची ही एक पद्धत) फॉरमॅट करा. एक्सफॅट किंवा एनटीएफएस स्वस्त प्लेयर बहुतेक ओळखतच नाहीत, 'नो यूएसबी' दाखवतात आणि आपल्याला वाटतं प्लेयर खराब. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडलं की 32 जीबीपर्यंत फॅट 32 चा पर्याय दिसतो, मोठ्या पेनड्राइव्हला पूर्वापार तो देत नाही, म्हणून म्हटलं मोठा नको. फॅट 32 वर एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही हेही लक्षात असू द्या.

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरात आणि छोटी ठेवा. मराठीत नाव दिलं तर प्लेयरच्या मेनूत चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात. सुरुवातीला 01, 02 असे आकडे टाका म्हणजे क्रम नीट राहतो.

मी नेलेल्या फाइली अशा: एक एक्सव्हिडची एव्हीआय, एक व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ, एक मोबाईलवर थेट शूट केलेला, एक एमकेव्ही, एक एमपी3 गाणं, आणि एका सिनेमाबरोबर त्याच नावाची सबटायटलची एसआरटी फाइल. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून सबटायटल आम्हाला हवीच होती. इंग्रजी सबटायटल बऱ्याच प्लेयरमध्ये दिसतात, पण देवनागरी मात्र मला कुठल्याच स्वस्त प्लेयरमध्ये नीट दिसली नाही. मराठी सबटायटल हवी असतील तर ती कॉम्प्युटरवर चित्रातच कायमची छापून घ्यावी लागतात.

पेनड्राइव्हच न्या, पोर्टेबल हार्ड डिस्क नको. यूएसबी 2 च्या भोकातून नियमाप्रमाणे 500 मिलीअँपिअर मिळतात, हार्ड डिस्कला फिरायला लागताना त्याहून जास्त लागू शकतात, मग ती टकटक करत राहते आणि सुरू होत नाही.

सहावी पायरी: दुकानात

कुठे जायचं? ठाण्यात गोखले रोड आणि स्टेशनच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, नवी मुंबईत वाशी सेक्टर 17. मोठ्या शोरूममध्ये मला तरी 'आता ठेवत नाही मॅडम' हेच ऐकायला मिळालं, छोट्या दुकानात मात्र माळ्यावर एखाद-दोन पीस निघतात. तिथे नाहीच मिळाला तर लॅमिंग्टन रोड, ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्नची गाडी धरायची आणि ग्रँट रोडला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडलं की चालत. रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी जा. ऑनलाइनही मिळतात, पण तिथे आधी चालवून बघता येत नाही, त्यामुळे परत घेण्याची अट नीट वाचल्याशिवाय ऑर्डर करू नका, 'फक्त बदलून मिळेल' आणि 'पैसे परत' ह्यात फरक आहे.

दुकानात गेल्या गेल्या सांगायचं, "दादा, घ्यायचाच आहे, पण आधी माझी डिस्क आणि पेनड्राइव्ह लावून बघणार." सरळ बोललं की बहुतेक जण लावून दाखवतात. वाशीतल्या एका काकांनी स्वतःचा टीव्ही वळवून दिला आणि वर स्टूलही दिलं बसायला. जो दाखवायला नाही म्हणतो त्याच्याकडून घ्यायचंच नाही, मग किंमत कितीही कमी असो.

क्रम असा ठेवा. आधी रेकॉर्ड केलेली डीव्हीडी, सगळ्यात अवघड परीक्षा पहिली. ती मधून आणि शेवटून चालवा, फक्त सुरुवात नको, कारण डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि अडखळते ती बहुतेक बाहेरच्या कडेला. मग व्हीसीडी. मग पेनड्राइव्हवरच्या फाइली एकेक. प्रत्येक फाइल किमान दोन मिनिटं चालू द्या, पुढे ढकलून बघा, कारण काही प्लेयर फाइल चालवतात पण पुढे ढकललं की आवाज आणि ओठ वेगळे होतात. ठरावीक वेळेवर उडी मारता येते का बघा, रिमोटवर त्याला गोटू किंवा सर्च लिहिलेलं असतं. आणि बंद करून परत चालू केल्यावर जिथे थांबवलं तिथून सुरू होतो का, हे वयस्कर माणसांसाठी फार महत्त्वाचं आहे, बाबा अर्ध्या नाटकात झोपतात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच बघायचं असतं.

ट्रे उघडताना कान द्या. घरघर, खरखर नको. रिमोट हातात घेऊन बघा, बटणं किती मोठी, अक्षरं दिसतात का, चष्म्याशिवाय प्ले आणि स्टॉप सापडतं का. मी आईला बरोबर नेलं होतं, तिने एक प्लेयर फक्त रिमोटवरून नाकारला आणि ते बरोबरच होतं, त्या रिमोटवर शेंगदाण्याएवढी पन्नास बटणं होती.

बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का. वेगळा अॅडॉप्टर असेल तर त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर ने सुरू होणारा नंबर आहे ना ते बघा.

सातवी पायरी: वायर

वायरीचं आधी ठरवा, प्लेयर नंतर. टीव्हीला एचडीएमआय असेल आणि प्लेयरलाही, तर प्रश्नच मिटला, एक वायर, चित्र आणि आवाज दोन्ही. जुन्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी लागते: पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. प्लेयरला फक्त एचडीएमआय आणि टीव्हीला फक्त पिवळी-लाल-पांढरी असं झालं तर मध्ये कन्व्हर्टर घालावा लागेल, म्हणजे परत खर्च.

नवीन एलईडींची वेगळीच तऱ्हा. काहींना पिवळं भोकच नसतं, हिरवं असतं, त्यातच पिवळी घालायची आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये एव्ही निवडायचं. काहींना हेडफोनसारखं एकच छोटं भोक असतं, त्याची वायर वेगळी येते आणि सगळ्या सारख्या नसतात, आतली जोडणी उलटसुलट असली की चित्राऐवजी भणभण आवाज येतो. टीव्हीबरोबर आलेली वायर कपाटात असेल तर ती शोधा, बाजारातली घेतली तर तीही लावून बघूनच घ्या.

सेकंडहँड घ्यायचा असेल तर

वाईट पर्याय नाही, जुने नामांकित कंपन्यांचे प्लेयर दणकट होते. फक्त लेन्सवर सगळं आहे. रेकॉर्डेड डिस्क वाचली तर लेन्स अजून बरी, नुसती विकतची डिस्क वाचून दाखवत असेल तर समाधान मानू नका. बिघडलाच तर दुरुस्तीवाल्याला विचारा कोणती लेन्स आहे, सोनीची 313 नंबरची असेल तर खूप प्लेयरमध्ये तीच बसते म्हणून मिळणं सोपं जातं. आणि जुना प्लेयर फेकण्याआधी एकदा लेन्स साफ करून बघा: झाकण उघडायच्या आधी प्लग काढा, कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम थेंब, लेन्सवर अगदी हलक्या हाताने गोल, दाबायचं नाही, पूर्ण सुकू द्यायचं. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सवर धूर बसल्यासारखा थर येतो, कधी कधी एवढ्यानेच काम होतं. बाबांच्या जुन्या प्लेयरचं मात्र झालं नाही, त्याची लेन्सच थकली होती.

आठवी पायरी: एच 264 वाला मिळालाच नाही तर

मला मिळालेला प्लेयर डिव्हएक्स-एक्सव्हिड उत्तम चालवतो, एच 264 चालवत नाही. मी तो जाणूनबुजून घेतला, कारण त्याची लेन्स आणि रिमोट दोन्ही चांगले होते आणि फाइली बदलून घेणं माझ्या हातात होतं.

अॅव्हिडेमक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात मोबाईलचा व्हिडिओ उघडा. डावीकडे व्हिडिओ आउटपुटमध्ये एमपेग-4 एएसपी, म्हणजे एक्सव्हिडवाला पर्याय निवडा, ऑडिओ आउटपुटमध्ये एमपी3, आउटपुट फॉरमॅटमध्ये एव्हीआय. मग व्हिडिओच्या फिल्टरमध्ये रिसाइझ: आडवा व्हिडिओ असेल तर 720 बाय 400, जुना चौकोनी असेल तर 640 बाय 480, उभा शूट केलेला असेल तर 320 बाय 576. त्याच फिल्टरमध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते रिसॅम्पल करून 25 ठेवा, मोबाईलचा वेग कमीजास्त होत असतो आणि तसाच ठेवला तर नंतर आवाज मागेपुढे होतो. एक्सव्हिडच्या सेटिंगमध्ये क्यूपेल आणि जीएमसी असे दोन पर्याय असतात, दोन्ही बंदच ठेवा, अनेक प्लेयर त्यावर अडकतात. चित्राचा बिटरेट 1200 आणि आवाजाचा 128 (दोन्ही केबीपीएस) ठेवला की तासाला साधारण 600 एमबी होतात, म्हणजे 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर पंचवीसेक तास. आईबाबांना वर्षभर पुरेल.

पहिल्यांदा अख्खा व्हिडिओ करू नका, दोन मिनिटांचा तुकडा करून प्लेयरवर लावून बघा आणि मगच बाकीचे रात्री लावून झोपा.

ज्यांना पेनड्राइव्ह नकोच, डिस्कच आवडते, त्यांच्यासाठी डीव्हीडीस्टायलर आहे, तेही फुकट. त्याने नेहमीची डीव्हीडी बनते, ती लेन्स चांगली असलेल्या बहुतेक प्लेयरवर चालते, 4.7 जीबीच्या डिस्कवर चांगल्या दर्जाचे दोनेक तास मावतात. डिस्क लिहिताना वेग कमी ठेवा.

आणि हो, डिस्क आता म्हाताऱ्या होतायत. कडेला बुरशीचे ठिपके दिसत असतील तर कोमट पाण्यात थोडा साबण, मऊ कापड, आणि मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही. लग्नाची, बारशाची, आजीच्या आवाजातली जी काही एकुलती एक डिस्क असेल ती आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा, प्लेयर नंतर घ्या. आमच्या आजीचा एकच व्हिडिओ आहे, चार मिनिटांचा, ती मोदक वळतेय. तो मी आता तीन ठिकाणी ठेवलाय.

शेवटची पायरी: घरी लावून देताना

सेटिंगमध्ये टीव्ही टाइप पाल किंवा ऑटो ठेवा, चुकून एनटीएससी (अमेरिकेकडची टीव्हीची पद्धत) झालं तर जुन्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं होतं किंवा वर सरकत राहतं. चित्राचा आकार पातळ टीव्हीला 16:9, जुन्या डबा टीव्हीला 4:3. रिमोटवर पी-स्कॅन किंवा व्ही-मोड असं एक बटण असतं, ते दाबलं गेलं की पिवळ्या वायरीवर चित्रच जातं आणि माणूस घाबरतो. तेच बटण परत दोन-तीनदा, मध्ये थोडं थांबून दाबलं की चित्र येतं. मी त्या बटणावर सेलोटेप लावून त्यावर काळा ठिपका काढलाय, आणि यूएसबीच्या बटणाला लाल नेलपेंट. रिमोटच्या मागे आईच्या अक्षरात कागद चिकटवलाय:

"टीव्ही चालू. मग प्लेयर चालू. पेनड्राइव्ह असेल तर लाल बटण. वर-खाली करून नाव निवडायचं, मधलं बटण दाबायचं. काळ्याला हात लावायचा नाही. चित्र गेलं तर ऐरोलीला फोन."